तेलाच्या कॅनपासून बाईकचे साइड बॉक्स : डबा सोपा आहे, खरा खेळ स्टँडचा

आज ॲप नाही, फोन नाही, थोडं वेल्डिंग. पण शेवटी फोन कामाला येणार आहे, त्यामुळे वाचत रहा.

मी नांदेडला राहतो, घरचे लातूरला. महिन्यातून दोनदा तरी बाईकवर जाणं-येणं होतं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत सुमारे 140 किलोमीटर, तीन तास. जाताना लॅपटॉप, चार्जर आणि कपडे, येताना त्यात आईने दिलेली तूरडाळ, लोणच्याची बरणी आणि "हे पण ने रे" म्हणत कोंबलेल्या दोन पिशव्या. पाठीवर सॅक घेऊन तीन तास बसलं की दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मान वळत नाही. म्हणून साइड बॉक्स शोधायला लागलो. ब्रँडेड ॲल्युमिनियम बॉक्स आणि त्याच्या स्टँडची किंमत बघितली आणि टॅब बंद केला. तेवढ्यात माझी जुनी बाईक विकली गेली असती.

मग म्हटलं, आपल्याकडे गाडीला डबे लावणं काय नवीन आहे? दूधवाले रोज दोन्ही बाजूंना कॅन लटकवून फिरतात. 2016 च्या दुष्काळात मिरजहून रेल्वेने पाणी यायचं, तेव्हा लातुरात कुठल्याही गल्लीत बघा, बाईकला घागरी नाहीतर निळे कॅन बांधलेले दिसायचे. म्हणजे डब्याची आयडिया तयारच होती. मी हॉटेलवाल्याकडून 20 लिटरचे दोन रिकामे तेलाचे कॅन घेतले, गरम पाण्याने आणि सोड्याने तीनदा धुतले. (ॲसिडचा किंवा फवारणीच्या औषधाचा कॅन स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्यात पुढे तुमचे कपडे आणि डाळ जाणार आहे.) साडीगार्डला आणि मागच्या हँडलला दोन-दोन लोखंडी पट्ट्या बोल्टने कसल्या, त्यावर कॅन बसवले, वरून खबरदारी म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी आवळली. खर्च सहाशे रुपये. फोटो ग्रुपवर टाकला, लाइक पण आले.

चौथ्या फेरीत, अहमदपूर ओलांडल्यावर, मागून "खर्रर्र" आवाज आला. डाव्या बाजूची पट्टी बोल्टच्या भोकापाशी तुटली होती आणि आठ किलोचा डबा फक्त ट्यूबवर लटकत रस्त्यावर घासत होता. माझ्या मागे एक जोडपं होतं, गाडीवर पुढे लहान मुलगी. त्यांनी कच्चकन ब्रेक मारला, गाडी डगमगली, पण सावरली. तो माणूस शिव्या देईल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "भाऊ, ट्यूब तुटली असती तर हे डबडं आमच्या चाकाखाली आलं असतं." त्या दिवशी डबा मांडीवर घेऊन शेअर रिक्षाने गेलो आणि बाईक एका ओळखीच्यांकडे ठेवली.

पट्टी तुटली का, ते आता कळतं. आपली एक सिलेंडरची इंजिनं प्रत्येक फेऱ्याला एक झटका देतात. 5000 आरपीएम धरा, तीन तास धरा. 5000 गुणिले 180 मिनिटं, म्हणजे एका फेरीत नऊ लाख झटके. लोखंडाची पट्टी एकदा जोरात वाकवून तुटत नाही, पण तार कशी मागे-पुढे वाकवत राहिली की तुटते, तसंच हे. त्यात भोक पाडलेली जागा सगळ्यात कमजोर. आणि खड्डा आला की आठ किलोचा डबा क्षणभर वीस-पंचवीस किलोचा असल्यासारखा ओढतो.

दुसऱ्यांदा मी नांदेडमधल्या एका वेल्डिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी तुटलेली पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, "पट्टीचं काम टिकत नसतंय बाबा. चौकोनी पाइप घे." मी इंजिनीअर, त्यामुळे घरी येऊन हिशोब केला. माझी पट्टी 25 मिमी रुंद, 3 मिमी जाड. काकांनी सांगितलेला पाइप 20 बाय 20 मिमी, जाडी 1.6 मिमी. एक मीटर पट्टीचं वजन सुमारे 0.6 किलो, तेवढ्याच पाइपचं 0.9 किलो. म्हणजे वजन दीडपट. पण पट्टीच्या पातळ बाजूने वाकवायचं म्हटलं तर पाइपचा ताठपणा जवळपास 120 पट भरतो! कारण ताठपणा जाडीच्या घनावर चालतो आणि पोकळ पाइपात सगळं लोखंड मध्यापासून लांब, कडेला असतं. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला हे सूत्र मी पाठ केलं होतं. काकांनी पाठ न करता सांगितलं.

आता स्टँड. प्रत्येक बाजूला पाइपची एक चौकट. ती गाडीला तीन ठिकाणी धरायची : मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला, शॉकअपच्या वरच्या बोल्टला आणि मागे नंबरप्लेटच्या वर ग्रॅब रेलच्या बोल्टला. सगळे बोल्ट कंपनीने आधीच दिलेले, फक्त थोडे लांब घ्यायचे. चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला, काहीही बांधायचं नाही, कारण तो खड्ड्यात वर-खाली होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही चौकटी मडगार्डच्या मागून एका आडव्या पाइपने जोडायच्या. हा पाइप नसेल तर प्रत्येक चौकट म्हणजे बिजागरीवरचं दार, आत-बाहेर हलतच राहणार. जोडला की दोन्ही मिळून एकच पिंजरा होतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमकं हेच नव्हतं.

वेल्डिंग गाडीवर करू देऊ नका, कितीही घाई असली तरी. टाकीत पेट्रोल आहे हे एक. दुसरं, एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत इंजिन चालवायला छोटा कॉम्प्युटर असतो, वेल्डिंगचा करंट त्याच्यातून गेला तर बाईकपेक्षा बिल मोठं. पाइप गाडीवर धरून खुणा करायच्या, खाली काढून जोडायचं, परत लावून बघायचं. आमची ही वर-खाली सहा वेळा झाली. चेसिसला भोक पाडणं किंवा काही कापणं अजिबात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघतील. आपला स्टँड बोल्ट काढले की अर्ध्या तासात निघाला पाहिजे. साडीगार्ड काढावं लागलं तर डाव्या चौकटीत जाळी बसवून घ्या. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून ते कंपनीला नियमानेच द्यावं लागतं, आणि आपल्याकडे मागे आई बसते, काकू बसते.

डब्याचं काम त्यामानाने सोपं. कॅनचं वरचं तोंड कापून झाकण करायचं, मागे बिजागरी, पुढे कडी. कापायच्या आधी चारही कोपऱ्यांत 6 मिमीचं भोक पाडा आणि भोकापासून भोकापर्यंत कापा. कोपरा टोकदार राहिला तर चीर तिथूनच सुरू होते. कडेला कारच्या दरवाजाची रबरी बीडिंग लावली. तरीही पावसाचं पाणी थोडं जातंच, म्हणून तळाला 5 मिमीचं एक भोक ठेवलंय आणि लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत. डब्याचं वजन बोल्टवर टाकू नका. चौकटीच्या खालच्या पाइपला अँगलचा तुकडा वेल्ड करून छोटी फळी करा, डबा तिच्यावर बसू द्या. बोल्टचं काम फक्त तो सुटू न देण्याचं. आतून प्लायचा तुकडा, मोठे वायसर, मध्ये ट्यूबचं रबर आणि नायलॉक नट. साधा नट नऊ लाख झटक्यांत कधी निघून जातो कळत नाही.

उजवीकडे सायलेन्सर. कॅनचं प्लास्टिक 130 अंशाच्या आसपास वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं. मी उजवा डबा चार बोटं वर घेतला आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, पण पत्रा डब्याला चिकटवला नाही, मध्ये हवा राहू दिली. पहिल्या अर्ध्या तासाने थांबून हात लावून बघा. आणि दोन जण मागे बसवून गाडी दाबून बघा, पूर्ण दबल्यावर चाक किंवा चिमटा कुठे लागतोय का.

किती सामान भरायचं? मॅन्युअलमध्ये कमाल भार दिलेला असतो. समजा 130 किलो. तुम्ही 70, मागे बसणारा 55, झाले 125. स्टँड आणि डबेच माझे आठ किलो झाले. म्हणजे मागे माणूस असेल तर डबे घरी, इतकं सरळ. एकटे असाल तर दोन्ही बाजूंना जवळपास सारखं वजन आणि जड वस्तू तळाला. बरेच जण विचारतात, मागे एकच मोठा डबा का नको? 20 किलो सामान मागच्या चाकाच्या 35 सेंमी मागे ठेवलं तर सव्वा मीटरच्या गाडीत पुढचं चाक साडेपाच किलोने हलकं होतं. तेच साइडला, चाकाच्या 10 सेंमी मागे ठेवलं तर दीड किलोच. हँडल थरथरतं ते यामुळेच. मागेच लावायचा असेल तर हलक्या डब्यासाठी केंद्राने 2020 मध्ये माप दिलंय : लांबी 550, रुंदी 510, उंची 500 मिमी. मागच्या सीटच्या जागेवर ठेवला तर मग फक्त चालकच बसू शकतो.

एक तोटा सांगतोच. माझी गाडी आता मागे 86 सेंमी रुंद आहे, हँडल 72. एसटी आणि रिक्षाच्या मधून काढायची सवय असेल तर ती मोडावी लागते. पहिल्याच आठवड्यात मी आमचंच गेट घासलं. दोन्ही डब्यांना मागून लाल आणि बाजूने पिवळं रेडियम लावलं, आणि इंडिकेटर, नंबरप्लेट झाकली जात नाही ना ते मित्राला मागे उभं करून बघितलं. आणि हा कुलूप लावायचा डबा नव्हे. चाकूने कापता येतो, त्यामुळे चहाला थांबलो की लॅपटॉप माझ्यासोबत येतो. सगळं मिळून खर्च दोन हजाराच्या आत, त्यात वेल्डिंगच जास्त.

आता फोनचं काम. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीच्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं. ते फोनमधल्या सेन्सरवरून हादरे मोजतं. घरातला जुना फोन टेपने डब्याच्या तळाला घट्ट चिकटवा, ॲपमध्ये टायमर लावा आणि पाच किलोमीटर फिरून या. नवीन फोन नको. मोठ्या बाईकच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते असं ॲपलनेच 2021 मध्ये सांगितलंय. माझ्या ग्राफमध्ये एका ठराविक वेगाला डबा अचानक जास्त नाचताना दिसला, त्याच्या खाली-वर शांत. म्हणजे स्टँडची स्वतःची लय इंजिनच्या लयीशी जुळत होती. काकांनी चौकटीत एक तिरका पाइप टाकला, ती उडी जवळजवळ गेली. ग्राफ दाखवला तर म्हणाले, "हे मी हात लावून पण सांगितलं असतं." शक्य आहे.

पहिल्या 50 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसा. मग प्रत्येक नटावर आणि बाजूच्या लोखंडावर मिळून पेंटची एक सरळ रेघ ओढा. नट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मी अहमदपूरला चहाला थांबतो, तेव्हा आधी चारही रेघा बघतो.