उडून जाणारा कच्चा माल

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लागणारे घोडेगाव जनावरांच्या नि कांद्याच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु भोवतालचा मुलूख उसाचाही आहे. सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना तेथून फार दूर नाही. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरेकाठी 1950 च्या अखेरीस सहकारी गाळप सुरू झाले, त्या जिल्ह्यापुढे आम्ही आज एक प्रश्न ठेवू इच्छितो.

मळी किंवा उसाचा रस आंबवला म्हणजे मद्यार्काबरोबर कार्बन डायॉक्साइड (जुन्या पिढीचा कर्बाम्लवायू) बाहेर पडतो. 46 भार मद्यार्कामागे 44 भार वायू, असा रसायनशास्त्राचा सरळ हिशेब आहे. म्हणजे टनामागे जवळजवळ टन! पेट्रोलमध्ये शेकडा 20 इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठले गेले, तेव्हा हा वायूही तितकाच वाढला असला पाहिजे. कोळशाच्या धुरातून तो वेगळा काढावयाचा तर रसायने व उष्णता खर्ची पडतात. आंबवणाच्या टाकीतून मात्र तो जवळजवळ शुद्धच येतो. धुवावा, वाळवावा, दाबून द्रवरूप करावा, की झाले. सोडावॉटर, शुष्क बर्फ, वेल्डिंग, आग विझविण्याची नळकांडी यांना तो लागतोच.

यावर कोणी म्हणेल, बाटलीचे बूच उघडताच तो पुन्हा हवेत जाणार, मग मिळविले काय? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. उसाने तो हवेतूनच घेतलेला असतो. त्याच्यामुळे खनिज इंधनापासून मिळविलेल्या वायूची गरज जितकी कमी होईल, तितका लाभ निव्वळ आहे. तुतिकोरिनला तर 2016 पासून बाष्पकाच्या धुरातील वायू पकडून त्याचा धुण्याचा सोडा करण्याचा उद्योग उभा राहिला. त्याची योजना वर्षाला सुमारे 60,000 टनांची होती. मिथेनॉलची गोष्ट निराळी. त्यास हायड्रोजन हवा, आणि तो स्वस्त विजेवाचून परवडत नाही. त्या स्वप्नावर कारखान्यांनी कर्ज काढावे असे आम्ही सुचविणार नाही.

अडचण भांडवलाची आहे. दाबयंत्रे, टाक्या, वाहतूक आणि हंगामी पुरवठा यांचा भार एकेका कारखान्यास झेपेलच असे नाही. तीनचार शेजारी कारखान्यांनी मिळून एक केंद्र काढण्यास मात्र काय हरकत आहे? आपल्या आसवनीतून किती वायू निघतो व त्याचे पुढे काय होते, हे सभासदांनी येत्या वार्षिक सभेत विचारावे, आणि संचालकांनी आकड्यांनिशी सांगावे.