टायरची बाजू फाटली : दुरुस्ती की बदल?

आपला आदिलाबाद जिल्हा कापसाचा. हंगाम आला की राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून भरलेल्या गाड्या पैनगंगा ओलांडून नागपूरकडे व निर्मलमार्गे हैदराबादकडे धावू लागतात. अशा वेळी टायरच्या बाजूस काप गेला, तर तो सांधावा की टायर टाकावा, हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो.

प्रथम रचना ध्यानी घ्यावी. जमिनीस टेकणारा भाग जाड रबराचा असतो. तेथील खिळ्याचे छिद्र बुजविता येते. बाजू मात्र पातळ असून तिचे बळ आतील दोऱ्यांत वा तारांत असते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती वाकते व पुन्हा सरळ होते. म्हणून तेथे ठिगळ टिकत नाही. आतून गेटर बसविला तरी तुटलेले दोरे जुळत नाहीत.

परीक्षा सोपी आहे. केवळ वरचे रबर खरचटले असेल, तर टायर वापरावा, पण नजर ठेवावी. दोरे दिसू लागले, काप आरपार गेला अथवा फुगा आला, तर टायर बदलावा. फुगा ही आतील दोरे तुटल्याची खूण होय. जादा भार, कमी हवा आणि वैशाखातील तापलेली सडक यांनी असा टायर अवचित फुटतो.

नव्या टायरची किंमत वहीत खर्ची पडते, हे खरे. परंतु चालकाचा व क्लीनरचा जीव गेल्यास तो कोणत्या वहीत मांडावा, याचा विचार व्यापारी बंधूंनी करावा.