दिल्लीहून दख्खनेत : चिश्ती परंपरेची वाट

काळी नदीवरचे धरण १९८७ साली पुरे झाले. जुने सुपे त्याच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि पुष्कळ कुटुंबे रामनगरला गेली. आमच्या आजीने देव घेतले आणि जड असूनही जाते घेतले. चिश्ती सूफींचा इतिहास वाचताना मला हे सारखे आठवत होते, कारण ही परंपराही आपल्याकडे घर सोडाव्या लागलेल्या माणसांबरोबर आली.

चिश्त हे अफगाणिस्तानात हेरातजवळचे गाव. दहाव्या शतकात सिरियातून आलेले अबू इसहाक तेथे राहिले आणि परंपरेला गावाचेच नाव पडले. (आम्हां सुपेकरांना हे विशेष वाटते!) हिंदुस्थानात ती रुजवली अजमेरचे ख्वाजा मुईनुद्दीन यांनी, ते १२३६ साली वारले. पुढे बख्तियार काकी, बाबा फरीद, दिल्लीचे निजामुद्दीन औलिया अशी गुरुशिष्यांची साखळी, म्हणजेच सिलसिला. गुरू शिष्याला आपला झगा, खिरका, देऊन अधिकार सोपवी. दरबारापासून दूर राहावे, आल्यागेल्याला जेवू घालावे, गाण्यातून ईश्वर आठवावा, ही त्यांची रीत.

निजामुद्दीन १३२५ साली वारले. दोनच वर्षांनी महंमद तुघलकाने देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, राजधानी करण्याचे ठरवून दिल्लीची माणसे दक्षिणेत धाडली. पाठ्यपुस्तकात हा सुलतानाचा वेडेपणा म्हणून येतो आणि तेथेच संपतो. सुलतान परतला खरा, पण निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब परतले नाहीत. १३३७ साली ते येथेच वारले. वेरूळजवळ खुलताबादेत त्यांचा दर्गा आहे. खानदेशातल्या बुऱ्हाणपूरला नाव मिळाले ते त्यांचेच.

त्याच लोंढ्यात बापाचे बोट धरून एक मुलगा आला होता. तेच पुढचे बंदेनवाज गेसूदराज. बापाची कबर खुलताबादेत राहिली. मुलगा दिल्लीला परतून नसीरुद्दीन चिराग यांचा शिष्य झाला. नसीरुद्दीनांनी १३५६ साली मरताना खिरका कोणालाच दिला नाही, तो आपल्याबरोबर पुरायला सांगितला. १३९८ साली तैमूर चालून आला, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या गेसूदराजांनी पुन्हा दिल्ली सोडली आणि गुजरातमार्गे गुलबर्गा गाठले. फिरोजशहा बहमनीने मान दिला, पण पुढे दोघांचे बिनसले. दरबाराशी चिश्तींचे असेच व्हायचे! १४२२ साली ते तेथेच वारले.

मला मोठे नवल वाटते ते विजापूरकडच्या चिश्तींचे. त्यांच्या परंपरेत दख्खनी बोलीत चक्कीनामे झाले, म्हणजे बायकांनी दळताना म्हणायची गाणी. त्यांत जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचे पहिले अक्षर. फारसी ग्रंथ विद्वानांनी वाचले. घरोघर पोचली ती ही गाणी.

आजीचे जाते अजून आमच्या पडवीत आहे. तिला हे सांगितले, तर ती खुंट्यावर हात ठेवून म्हणाली, "दळताना म्हणायची, तर ओवीच ती."