दहा वर्षांची उमेदवारी

अमेरिकेतील ‘जी लीग’ या बास्केटबॉलच्या दुय्यम व्यावसायिक स्पर्धेचे वैलक्षण्य असे की, तिच्यातील उत्तम खेळाडू आपल्या संघापाशी टिकून राहावा अशी आशा खुद्द त्याचा प्रशिक्षकही धरीत नाही, आणि तो वर्षानुवर्षे टिकलाच तर ती त्याच्या दैवाची खोट समजली जाते. 2001 साली आग्नेयेकडील राज्यांतील आठ संघांनिशी निघालेली आणि 2017 पासून गेटोरेड या पेयाच्या कंपनीचे आद्याक्षर कपाळी मिरवणारी ही स्पर्धा म्हणजे एनबीए या श्रेष्ठ लीगची पागाच आहे. येथील तरुणांना पोसावे, दौडवावे, आणि वर गरज पडेल तेव्हा त्यांतला एखादा हाकारून न्यावा, असा तिचा शिरस्ता.

डॅलसच्या उत्तरेस फ्रिस्को नावाचे जे उपनगर आहे, आणि जेथे आता मराठी कुटुंबेही पुष्कळ नांदत आहेत, तेथे टेक्सस लेजंड्स हा यांपैकी एक संघ खेळतो. पंजाबातील बल्लो के गावचा सात फूट दोन इंच उंचीचा सतनाम सिंग, ज्याला एनबीएच्या 2015 च्या वार्षिक खेळाडू-निवडीत डॅलस मॅव्हरिक्स संघाने बावन्नाव्या क्रमांकावर उचलले आणि जो अशा रीतीने निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला, तोही याच संघात दोन हंगाम होता. खेळावयास त्याला मिनिटे थोडी मिळाली आणि वरचे बोलावणे कधीच आले नाही. आपल्याकडील वृत्तपत्रांनी निवडीचा जेवढा गाजावाजा केला, त्याच्या शतांशाने जरी पुढील दोन वर्षांची विचारपूस केली असती, तरी या पेशाचे खरे स्वरूप आपल्या वाचकांस कळते.

हे स्वरूप सामन्यात दिसते त्याहून सामन्यापूर्वीच्या रिकाम्या क्रीडागृहात अधिक दिसते. खुर्च्या ओस असतात, झाडलोट चाललेली असते, आणि एका टोकाला एखादा खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहून, बास्केटच्या कड्याखालच्या साहाय्यकाने फेकलेला चेंडू झेलून, पुनःपुन्हा त्याच एका कृतीची आवृत्ती करीत असतो: प्रथम पावले बसतात, मग गुडघे लवतात, कोपर कड्याच्या सरळ रेषेत येतो, आणि चेंडू सुटल्यावरही मनगट क्षणभर वाकलेले राहते. समोरून तीन गुणांची रेषा कड्यापासून पावणेचोवीस फुटांवर असते. कोपऱ्यात ती बावीस फुटांवर येते खरी, परंतु तेथे रेषा आणि मैदानाची कड यांमध्ये अवघी तीन फुटांची पट्टी उरते, आणि त्या पट्टीत आपली अवाढव्य पावले खाली न पाहता नेमकी ठेवणे हीच अर्धी विद्या होय. सामन्यात चेंडू हाती आल्यावर जमिनीकडे पाहण्यास सवड नसते.

सामना सुरू झाला म्हणजे या पेशातील पेच उघडा पडतो. प्रेक्षकांत वरच्या संघांचे निरीक्षक वह्या घेऊन बसलेले असतात. ज्याला आपण चेंडू द्यावयाचा तो सोबती असला तरी वरच्या संघातील त्याच एका जागेचा प्रतिस्पर्धीही असतो, आणि न मारलेला फटका कोणत्याही कोष्टकात नोंदला जात नाही. तथापि स्वार्थासाठी सोबत्याला डावलणारा खेळाडूही त्या निरीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही, त्यामुळे निःस्वार्थीपणादेखील येथे हिशेबानेच करावा लागतो. वरचे बोलावणेही बहुधा दहा दिवसांच्या करारनाम्याचे असते; 5 जानेवारीनंतर असे करार करता येतात, आणि एका संघाने दोनदा तो केला की पुढे हंगामअखेरपर्यंत ठेवणे किंवा निरोप देणे, एवढेच उरते. त्यापेक्षा चीन किंवा तुर्कस्तानात जाऊन कैकपट वेतन घेणारे पुष्कळ निघतात; मात्र परदेशी गेलेला मनुष्य निरीक्षकांच्या डोळ्यांआड होतो.

आंद्रे इन्ग्रॅम हा या उमेदवारीचा आदर्श नमुना. वॉशिंग्टनच्या अमेरिकन विद्यापीठातून पदार्थविज्ञान शिकून निघालेला हा नेमबाज 2007 पासून या लीगमध्ये, प्रथम यूटात आणि मग लॉस अँजेलिस लेकर्सच्या दुय्यम संघात, 384 सामने खेळला; मधल्या काळात मिळकतीला जोड म्हणून तो मुलांना गणित शिकवी. एप्रिल 2018 मध्ये हंगामअखेरच्या निरोपाच्या मुलाखतीसाठी म्हणून त्याला बोलावण्यात आले, आणि तेथे लेकर्सचे तेव्हाचे कारभारी मॅजिक जॉन्सन व रॉब पेलिंका यांनी त्याच्यापुढे लेकर्सचा करार ठेवला. 10 एप्रिल रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ह्यूस्टनविरुद्ध त्याने 19 गुण केले आणि तीन गुणांच्या पाच फटक्यांपैकी चार साधले. सामना लेकर्सने गमावला. दुसऱ्याच दिवशी क्लिपर्सविरुद्ध त्याला पाचच गुण मिळाले आणि हंगाम संपला. या दोन दिवसांनी लोक हेलावले. मला मात्र त्याआधीची दहा वर्षे अधिक मोलाची वाटतात, कारण पहिल्या रात्रीचे ते चार फटके त्या ओस क्रीडागृहांतच तयार झाले होते.

त्या दोन सामन्यांचे त्याला 13,824 डॉलर मिळाले. दुय्यम लीगमधील संपूर्ण हंगामाचे वेतन सुमारे 19,000 डॉलर होते. पुढील हंगामापासून ते 35,000 करण्यात आले, आणि त्या वेतनावर इन्ग्रॅम पुन्हा साउथ बे या लेकर्सच्या आपल्या जुन्या दुय्यम संघात रुजू झाला.