आम्लाच्या कढईत नांदणारी सृष्टी

उत्तर कॅलिफोर्नियातील लासेन ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात ‘बॉइलिंग स्प्रिंग्स लेक’ नावाचे एक सरोवर आहे. नावात उकळते झरे असले, तरी त्याच्या पाण्याचे तापमान साधारण ५२ अंश सेल्सिअस असते. आम्लता मात्र लिंबाच्या रसाच्या तोडीची, म्हणजे पीएच मूल्य २ च्या आसपास. अशा पाण्यात कोण राहत असेल, याचा शोध हम्बोल्ट येथील विद्यापीठाच्या (आताचे कॅल पॉली हम्बोल्ट) प्राध्यापकांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन घेतला.

हे आम्ल येते कोठून? भूगर्भातील तप्त खडकांवरून येणाऱ्या वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड वायू वर येतो. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की गंधक आणि पुढे गंधकाम्ल तयार होते. हे आम्ल आजूबाजूच्या खडकाला कुरतडून त्याचा चिखल करते. या प्रक्रियेत सूक्ष्मजीवांचाही वाटा असतो. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात थॉमस ब्रॉक यांना आढळलेला आणि १९७२ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला ‘सल्फोलोबस’ हा आदिजीव ७५ ते ८० अंश तापमानात गंधकाचे आम्लात रूपांतर करून ऊर्जा मिळवतो. त्याच्या पेशीचे आवरण विशिष्ट मेद-रेणूंच्या एकसंध थराचे असते. आत शिरणारे आम्लकण तो सतत बाहेर फेकतो. त्यामुळे बाहेर तीव्र आम्ल असूनही पेशीच्या आतील द्रव जवळजवळ उदासीन राहतो.

अशा जीवांचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांची पुस्तकी विद्या पहिल्याच दिवशी अपुरी पडते. प्रयोगशाळेत जिवाणू वाढविण्यासाठी नेहमी वापरले जाणारे अगार तीव्र आम्ल आणि उष्णतेत टिकत नाही. त्याऐवजी जेलन गमसारखा पदार्थ वापरावा लागतो. बहुतेक जीव तर काचेच्या बशीत वाढतच नाहीत. मग पाणी गाळून, गाळ काढून त्यातून थेट डीएनए मिळवावा लागतो. पण मातीचे बारीक कण डीएनएला घट्ट धरून ठेवतात. म्हणून एकच नमुना पुन:पुन्हा तपासण्याची चिकाटी अंगी बाणवावी लागते.

शिवाय धोका असतोच. २०१६ मध्ये यलोस्टोनच्या नॉरिस भागात, पायवाट सोडून गेलेला एक तरुण आम्लधर्मी झऱ्यात पडून मृत्युमुखी पडला. दुसऱ्या दिवशी त्याचे अवशेषही हाती लागले नाहीत. वरून टणक दिसणारी जमीन कित्येकदा पातळ कवच असते. म्हणूनच नमुने घेण्यास परवाना लागतो, आणि पाऊल कोठे टाकावे हा पहिला धडा ठरतो.

एवढा खटाटोप कशासाठी? १९६६ मध्ये हडसन फ्रीझ या पदवीच्या विद्यार्थ्याने ब्रॉक यांच्या मार्गदर्शनाखाली यलोस्टोनमधील एका झऱ्यातून ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हा जिवाणू वेगळा केला. तो झरा आम्लधर्मी नव्हता. पण उष्णता सोसणारे त्या जिवाणूचे विकर पुढे पीसीआर तंत्राचा कणा बनले. २०२० मध्ये कोविडच्या साथीत घरोघरी माहीत झालेली चाचणी याच तंत्रावर उभी होती. फ्रीझ आणि ब्रॉक यांना तेव्हा याची कल्पनाही नव्हती.

लासेनच्या सरोवरानेही असाच धक्का दिला. पोर्टलंड राज्य विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी जेफ्री डीमर आणि त्यांचे मार्गदर्शक केनेथ स्टेडमन यांना तेथील पाण्यात एका विषाणूचा जनुकसंच सापडला. २०१२ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. विषाणू डीएनएचा, पण त्याच्या कवचाचे जनुक आरएनए विषाणूंशी नाते सांगणारे! दोन भिन्न कुळांमध्ये जनुकांची अशी देवघेव होऊ शकते, हे त्यातून सूचित झाले.

विज्ञानातील मोठी उत्तरे बहुधा साध्या कुतूहलातून मिळतात. ‘इथे कोण राहते?’ असे विचारणारा विद्यार्थी आणि त्याला विचारू देणारा शिक्षक, ही जोडी प्रत्येक विद्यापीठाने जपायला हवी.