गिटारची खरखर : हुनर आपल्याच हातात आहे

इलेक्ट्रिक गिटार आता लग्नाच्या ऑर्केस्ट्रापासून कॉलेजच्या स्टेजपर्यंत सगळीकडे दिसते. वाद्य वाढले की त्याची दुरुस्तीही वाढते, हा बाजाराचा साधा हिशेब आहे. तरीही "बटण फिरवले की खरखर होते" किंवा "आवाज मध्येच जातो" अशी तक्रार घेऊन एखादा मुलगा आला, तर आपल्याकडचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळदा हात जोडतात. "हे आमचे काम नाही, मोठ्या म्युझिकच्या दुकानात जा," असे सांगून त्याला परत पाठवतात. वास्तविक हे काम त्यांचेच आहे. आम्ही कापडाचे व्यापारी; गिटार आम्हाला वाजवता येत नाही. पण कोणत्या हुनराला मागणी आहे आणि तो हुनर आधीच कोणाच्या हातात आहे, एवढे ओळखणे हे व्यापाऱ्याचे काम आहे. रेडिओ आणि जुन्या टीव्हीचे काम आटल्यावर ज्यांची सोल्डरिंग आयर्न थंड पडली, त्यांच्यासाठी आजचा हा मजकूर.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने घडविलेले वाद्य

आज जगभर वाजणाऱ्या कित्येक गिटारींचा नमुना एका रेडिओ मेकॅनिकच्या दुकानातून निघाला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांनी १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. शिक्षण हिशेबनिसीचे, पण हात वायरी जोडण्यात रमलेला. वादक मंडळी आपले ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणीत, तक्रारी सांगत, आणि फेंडर त्या कान देऊन ऐकत. त्यातूनच पुढे त्यांनी स्वतः वाद्ये बनवायला घेतली. १९५० सालच्या सुमारास टेलिकास्टर आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडली. १९६५ साली सीबीएस कंपनीने हा कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतला. या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजवणे कधीच आले नाही!

त्यांच्या गिटारीची बांधणीही दुरुस्तीवाल्याच्या डोक्यातून आलेली आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या वरचा प्लास्टिकचा पत्रा स्क्रू काढून उचलला की पिकअप, कंट्रोल, स्विच हे सगळे त्यालाच लटकलेले बाहेर येते. म्हणजे ज्याने वाद्य बनवले त्याला ठाऊक होते की उद्या कोणीतरी ते उघडणार आहे.

आत असते तरी काय?

साध्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये बॅटरी नसते आणि घरचा करंटही नसतो. पोलादी तारांखाली पिकअप असतो. तो म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या वायरीचे हजारो वेढे. तार थरथरली की या वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. ती स्विचमधून व्हॉल्यूम कंट्रोलकडे आणि तेथून जॅकवाटे बाहेर ॲम्प्लिफायरकडे जाते. टोन कंट्रोलला एक कपॅसिटर जोडलेला असतो; तो आवाजातला तीक्ष्ण भाग जमिनीच्या वायरीकडे, म्हणजे अर्थिंगकडे, वळवतो.

रेडिओतला व्हॉल्यूम कंट्रोल ज्याने बदलला आहे, त्याला यात नवे काहीच नाही. फरक आकड्यांचा आहे. एकेरी वेढ्याच्या पिकअपला साधारण २५० किलोओमचा कंट्रोल लावतात, तर दुहेरी वेढ्याच्या, म्हणजे हंबकर पिकअपला ५०० किलोओमचा. कपॅसिटर बहुधा ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो. कपॅसिटरच्या नावावर भारी किमती सांगितल्या जातात. गिऱ्हाईक आग्रह धरील तर खुशाल लावा, पण आवाजाचा कस मुख्यतः त्याच्या आकड्यावर ठरतो, हे त्याला अगोदर सांगा.

वीज क्षीण असल्यामुळेच सारा खटाटोप आहे. ॲम्प्लिफायर सुराबरोबर आतला कचराही मोठा करतो. कंट्रोलमधला धुळीचा कण स्पीकरमधून पत्रा घासल्यासारखा ऐकू येतो.

आधी तुटलेला धागा शोधा

माग थांबला म्हणून विणकर माग विकायला काढत नाही. तो आधी तुटलेला धागा शोधतो. गिटारचेही तसेच. पहिली तपासणी केबलची. दुसरी चालू केबल लावून पाहा, कारण पुष्कळ "बिघडलेल्या" गिटारींचा दोष केबलमध्येच निघतो. मग दुसरा ॲम्प्लिफायर, त्यानंतर जॅक, मग स्विच, मग कंट्रोल आणि सर्वांत शेवटी पिकअप.

गिटार न उघडताही बरेच कळते. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबल गिटारला लावा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा. एकेरी पिकअपला ५ ते ७ किलोओमच्या आसपास आकडा दिसला तर पिकअप शाबूत आहे. हंबकरचा आकडा बहुधा याहून मोठा असतो. शून्य दाखवले तर कुठेतरी शॉर्ट आहे. आकडाच येत नसेल तर वायर तुटली आहे. स्विच एकेका जागी सरकवून हीच मोजणी केली की कोणता पिकअप बंद आहे ते लगेच समजते.

घूं-घूं आवाजाची परीक्षाही सोपी आहे. गिटारच्या तारा आतून एका वायरीने अर्थिंगला जोडलेल्या असतात. तारांना हात लावल्यावर घूं-घूं कमी झाली तर ती जोडणी ठीक आहे. तारांना हात लावून काही फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावले की आवाज दबतो, असे झाले तर ब्रिजकडे जाणारी वायर तुटली आहे असे समजावे. तारांना हात लावताच आवाज वाढत असेल, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत का ते पाहावे.

आमच्या बाजारपेठेत एका कॉलेजच्या मुलाला एका दुकानात सांगण्यात आले, की आतले सगळे सामान बदलावे लागेल. मुलगा ट्यूशन घेऊन खर्च भागवणारा. त्याने गिटार विकायचे ठरवले. शेजारच्या गल्लीतील एका वयस्क रेडिओ कारागिराने ती उघडली, तर जॅकचा नट ढिला होता आणि जॅक गरगर फिरून त्याची एक वायर तुटली होती. एक सोल्डर, नटाला एक आटा, आणि गिटार बोलू लागली. असे नट कसताना आतून जॅक बोटांनी धरून ठेवावा, नाहीतर आपणच वायर पिळून तोडतो.

खरखर कशी घालवावी?

कंट्रोलच्या आत कार्बनची एक गोल पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची जीभ सरकते. धूळ, घाम, दमट हवा यांनी पट्टीवर थर बसतो आणि खरखर सुरू होते. कोकणात, मुंबईत पावसाळ्याच्या हवेत हे अधिकच. अशा वेळी कंट्रोल लगेच बदलू नये. इलेक्ट्रॉनिक कामासाठी मिळणारा, अवशेष न सोडणारा किंवा हलके वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर घ्यावा. कंट्रोलच्या तीन पायांजवळ जी फट असते तिच्यात थोडासा फवारा मारावा आणि कंट्रोल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावा. मग वाळू द्यावा आणि ऐकून पाहावे. रॉकेल, थिनर किंवा पेट्रोल कदापि वापरू नये. त्याने प्लास्टिक आणि गिटारचे पॉलिश दोन्ही जाते. दरवाजाच्या बिजागरीला मारायचा तेलाचा स्प्रेही इथे नको, कारण तेल राहिले की त्यावर पुन्हा धूळ बसते. फवाऱ्याआधी गिटारच्या अंगावर कापड अंथरावे. हे सांगायला कापडवाल्याची गरज नसावी!

एवढे करूनही एका ठरावीक जागी आवाज तुटत असेल, तर कार्बन झिजला आहे. तेव्हा कंट्रोल बदलावाच लागतो. ही परीक्षा जुन्या काट्याच्या मीटरवर चांगली होते. मधला पाय आणि कडेचा पाय यांना मीटर लावून कंट्रोल हळूहळू फिरवा. काटा सरळ चढत गेला तर ठीक. मध्येच उडी मारली तर पट्टी गेलेली आहे.

नवा कंट्रोल घेताना फक्त ओम पाहून भागत नाही. दांडी भरीव की दातेरी, पत्र्यातले भोक केवढे, गळा केवढा लांब, हे जुना नमुना सोबत नेऊन जुळवावे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, नमुना हातात असला की हेलपाटा वाचतो.

स्विचचे पाते काळे पडले असेल तर जाड कागदाच्या पट्टीला क्लीनर लावून ती पात्यांमधून ओढावी. सँडपेपर लावला तर मुलामा निघून जातो.

वायर आणि सोल्डर

कोणतीही वायर काढण्यापूर्वी कागदावर नकाशा काढावा. मोबाईलवर फोटो घेतला तरी चालेल, पण नकाशा काढताना जोडणी डोक्यात बसते. सोल्डर राळ भरलेलीच हवी. कल्हईवाल्याचा नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचे ॲसिड इथे लावले तर काही महिन्यांत वायर आतून खाल्ली जाते. कंट्रोलच्या पाठीवर अर्थिंगची वायर लावताना तो भाग किंचित खरवडून घ्यावा आणि आयर्न चांगली तापलेली असावी, म्हणजे काम चटकन उरकते. थंड आयर्न बराच वेळ धरून ठेवली तर आतली पट्टी भाजते.

जुन्या अमेरिकन गिटारींत वायरीवर प्लास्टिक नसून सुती कापडाचे मेणवलेले वेष्टन असते. ते सोलावे लागत नाही. बोटाने मागे सारायचे, सोल्डर करायची आणि पुन्हा पुढे ओढायचे. सुताचा हा उपयोग आमच्यासारख्या कापडवाल्याला सुखावून जातो. काही नव्या गिटारींतही ही वायर हौसेने वापरतात.

एक इशारा

गिटारमध्ये घातक करंट नसतो, पण ॲम्प्लिफायरमध्ये असतो. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वॉन्झी शहरात लेस हार्वे हा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच मरण पावला. घूं-घूं घालवण्यासाठी ॲम्प्लिफायरचा अर्थिंगचा पिन कोणी काढून टाकायला सांगितले, तर साफ नकार द्यावा. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर प्लग काढल्यावरही आत जीवघेणी वीज साठवून ठेवतो. त्याची माहिती नसेल तर तो उघडू नये.

विश्वास हेच भांडवल

या धंद्याला भांडवल थोडे लागते: आयर्न, मीटर, क्लीनर, चार-सहा कंट्रोल आणि जॅक. खरे भांडवल दुसरेच आहे. जे साफ होते ते बदलू नये, आणि जे बदलले ते गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावे. जुन्या गिटारीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. अमेरिकन कंट्रोलच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. १३७६६२५ असा आकडा असेल तर १३७ म्हणजे सीटीएस हा कारखाना, ६६ म्हणजे १९६६ साल आणि २५ म्हणजे त्या सालातला पंचविसावा आठवडा. गिटार खरोखर किती जुनी, याचा हा एक पुरावा असतो. असा कंट्रोल खराब म्हणून कचऱ्यात टाकला, तर गिऱ्हाइकाचे जे नुकसान होते ते दुरुस्तीच्या मजुरीत भरून निघत नाही.

तसेच दुरुस्तीआधी विचारावे. स्ट्रॅटोकास्टरच्या जुन्या स्विचला तीनच जागा होत्या. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअपचा एकत्र आवाज काढीत. पाहणाऱ्याला वाटावे की स्विच बिघडला आहे. शेवटी १९७७ साली फेंडर कंपनीनेच पाच जागांचा स्विच बसवायला सुरुवात केली. आपल्याला जो दोष वाटतो, ती वादकाची गरजही असू शकते.

तपासणीचे पैसे वेगळे आणि अगोदर सांगून घ्यावेत. त्यात संकोच नको. डॉक्टरही तपासणीचे पैसे घेतो. मात्र पाच मिनिटांत सापडलेल्या दोषाला पाच दिवसांचे नाव देऊ नये.

मिरजेच्या शिकलगारांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. हत्यारांना धार लावणारी ही मंडळी. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात ती सतार आणि तानपुरा घडवू लागली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांनी हुनर सोडला नाही, त्याला नवे काम दिले. ज्यांच्या हातात आज सोल्डरिंग आयर्न आहे, त्यांनी गिटार घेऊन आलेल्या पुढच्या मुलाला परत पाठवू नये. एकदा उघडून तरी पाहावे.