वीतभर खाली

सेकंड शिफ्टवाल्याचा दिवस उशिरा उजाडतो. मी उठेपर्यंत बदलापूर स्टेशनावरची सकाळची गर्दी मुंबईला पोचून कामालाही लागलेली असते. माझं सगळं गावातल्या गावात. घर पश्चिमेला बेलवलीत, कारखाना पूर्वेला खरवईच्या एमआयडीसीत. लोकलशी संबंध उड्डाणपुलावरून खाली दिसते तेवढाच. जाण्यायेण्याला बॅटरीची सायकल आहे. जाताना लख्ख उजेड, येताना काळोख, आणि सध्या त्यावर पाऊस. त्यामुळे रात्रीच्या त्या एका फेरीची तयारी सकाळपासूनच चालू होते.

साडेनऊला चहा आणि बॅटरी चार्जिंगला. दहा वाजता खाली पार्किंगमध्ये ओलं फडकं घेऊन बसायचं. चेन, ब्रेक बघायचे ते आहेतच, पण पावसाळ्यात आधी दिव्यांच्या काचा. डंपर आणि टँकरच्या चाकांनी उडालेला चिखल रात्रीत वाळून काचेवर पापुद्रा धरतो. दिवा लागलेला दिसतो, उजेड मात्र रस्त्यावर पोचत नाही. मागचा लाल दिवा कॅरिअरखाली असल्याने सगळ्यात जास्त चिखल तोच खातो, आणि सायकलवर बसलेल्याला तो कधी दिसत नाही. पेडलच्या आणि मडगार्डच्या रेडियमवरूनही फडकं फिरवतो. पेडलवरचं रेडियम मला सगळ्यात कामाचं वाटतं. ते वरखाली हलतं, त्यामुळे मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं की पुढे माणूस पाय मारतोय. पण रेडियम स्वतः उजळत नाही, समोरच्याने टाकलेला प्रकाश त्यालाच परत करतं. ज्या रिक्षाचा हेडलाइटच बंद, तिला ते काय दाखवणार? म्हणून रेडियमही हवं आणि दिवाही.

अकराच्या सुमारास सायकलच्या दुकानात. माझं काम पुढचे ब्रेकपॅड बदलण्याचं होतं, पण तिथे एक पोरगा आधीच आला होता. साध्या सायकलला मोटरचा किट बसवलेला, आणि हँडलवर उल्हासनगरच्या कॅम्पातून आणलेला भलामोठा दिवा. लोक शिव्या घालतात, अशी त्याची तक्रार.

‘‘काका, लाइट एवढी पॉवरफुल आहे, तरी खड्डा दिसत नाही.’’

‘‘खड्डा आकाशात आहे का?’’ दुकानवाल्या काकांनी मान वर न करता विचारलं.

मग त्यांनी सायकल दुकानातल्या मागच्या भिंतीपासून पाच मीटरवर, पावलं मोजून, सरळ उभी केली. शटर अर्धं ओढलं, दिवा लावायला सांगितला. भिंतीवरचा पांढरा गोळा दिव्याच्या उंचीच्याही वर पडला होता. काकांनी दिव्याची उंची खडूने भिंतीवर मारली, तिथून खाली एक वीत टाकली आणि दुसरी रेघ ओढली. ‘‘गोळ्याचा मध्य इथे आण.’’ पोराने नट सैल करून दिवा झुकवला.

हिशोब साधा आहे. दिवा जमिनीपासून तीन फुटांवर असेल आणि पाच मीटरवर प्रकाश वीतभर उतरला, तर तो साधारण वीस मीटरवर रस्त्याला टेकतो. समोरच्याच्या डोळ्यांत जायचा थांबतो तो निराळाच. आणि वीस मीटरच का, तर ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. खड्डा दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, दहा मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सहासात, ओल्यावर दहा. साध्या सायकलच्या वेगाला काजव्याएवढा दिवा चालून जायचा. मोटर लावली की ते दिवस संपले.

काकांना जुन्या गोष्टी काढायला निमित्त लागत नाही. त्यांच्या तरुणपणी पुण्यात बिनदिव्याची सायकल सापडली की पोलीस चाकातली हवा सोडायचे. डायनॅमो टायरला घासून चालायचा, पावसात घसरायचा. पाय थांबला की उजेडही गेला. माझ्या वडिलांकडे लुना होती. कायनेटिकने १९७२ साली आणलेली ती ५० सीसीची, पेडलवाली गाडी म्हणजे आपल्याकडची खरी मोटरची सायकल. तिचंही तेच. अॅक्सिलरेटर पिळला की हेडलाइट प्रखर, चढावर गाडी दमली की मिणमिणता, म्हणजे नेमकी गरज असे तेव्हा गुल. आताच्या सायकलला बॅटरी आहे, कन्व्हर्टरमधून दिवा जोडला की उभं राहा नाहीतर पळा, उजेड सारखाच. एवढी सोय हाताशी असून माणसं दिवा आभाळाकडे करून फिरतात, याचा मला राग येतो.

पोराच्या किटवर ३५० वॅट छापलेलं होतं. काकांनी ते बोटाने दाखवलं, बोलले काही नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पेडलवाल्या सायकलची मोटर २५० वॅटच्या आत असेल आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत तुटत असेल, तरच ती मोटार वाहन धरत नाहीत. मग नंबरप्लेट नको, लायसन्स नको. त्यापुढे गेलात की ती गाडीच, आणि गाडीचे सगळे कागद हवेत. त्याच नियमात सायकलला नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर मागितला आहे. दिव्याची अक्कल ज्याची त्याने वापरायची.

एक वाजता जेवण. बायकोचा नेहमीचा प्रश्न, ‘‘दिवा चालू ठेवून बॅटरी संपत नाही का हो?’’ नाही संपत. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, १० अॅम्पिअर-अवरची, म्हणजे ३६० वॉट-अवर. पुढचा दिवा पाच वॅटचा, मागचा एकाच्याही आत. अर्ध्या तासाला तीन वॉट-अवर, शंभरातला एक भागसुद्धा नाही. बॅटरी खाते ती मोटर, आणि मोटरला खाते उड्डाणपुलाची चढण.

अडीचला निघतो. दिवसाढवळ्याही दिवा लावूनच. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबरच लागतो, त्यामुळे चालत्या गाडीला दिवा असणार हे लोकांच्या डोळ्यांना सवयीचं झालंय. बेलवलीचा भुयारी मार्ग जवळचा, पण पावसाचा काही नेम नाही, पाणी भरलं की मागे फिरावं लागतं. मी सरळ पूल धरतो.

तीन ते अकरा कारखाना. रिअॅक्टरचं तापमान, प्रेशर, दर तासाला रजिस्टरमध्ये आकडे, मधे डबा. तिथे सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि केमिकलच्या धंद्यात तसंच बरं.

अकरा वाजता पंच करून बाहेर. वॉचमनच्या केबिनपाशी मी मुद्दाम पाचेक मिनिटं थांबतो, रेनकोट चढवतो, हेल्मेटचा पट्टा लावतो. ट्यूबलाइटच्या झगझगाटातून आल्यावर डोळ्यांना काळोख पुरता कळायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढं कोण थांबणार, पण पहिली काही मिनिटं फार वाईट असतात.

‘‘दादा, पुढे पाणी आहे, सांभाळून,’’ वॉचमन म्हणाला.

एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर खांब आहेत, दिवे अधूनमधून. ओला डांबरी रस्ता विचित्र वागतो. कोरडा असताना तो थोडा तरी उजेड आपल्याकडे परत पाठवतो. ओला झाला की आरशासारखा सगळा पुढेच फेकतो. आपल्या दिव्याखाली रस्ता काळा, आणि समोरून येणाऱ्याचा दिवा वरून एकदा आणि पाण्यातून एकदा, असा दोनदा डोळ्यांत. पाण्याने भरलेला खड्डा तर सपाट, गुळगुळीत चमकतो. खडबडीत दिसतं तिथे रस्ता आहे, चकचकीत दिसतं तिथे संशय घ्यायचा. पावसात मी वेग अठराच्या वर नेत नाही. सेकंदाला पाच मीटर, थांबायचा सगळा हिशोब बारा-तेरा मीटरमध्ये बसतो.

हायवेच्या तोंडाशी एक रिक्षा वळायला उभी होती. रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि तरीही रिक्षा पुढे काढली. हे जवळजवळ रोजचं आहे आणि त्यात त्याची लबाडी नाही. त्याला एक लहान दिवा दिसला, सायकल आहे हे त्याने बरोबर ओळखलं आणि सायकलला यायला किती वेळ लागतो याचा जन्मभराचा अंदाज लावला. पेडलची सायकल बारा-तेराने येते. मी अठराने येतो, कोरड्यात पंचविसाने, आणि इंजिनाचा आवाजही नाही. मोटर लावल्याने माझा वेग बदलला, लोकांचा अंदाज तोच राहिला. वाट्टेल तेवढा मोठा दिवा लावा, हा घोटाळा मिटत नाही. म्हणून प्रत्येक फाट्यावर बोटं ब्रेकवर, आणि समोरचा आपल्याला जाऊ देईल हे गृहीत धरायचं नाही. थांबलो. रिक्षा गेली.

पुलाच्या चढावर समोरून एक मोटरसायकल अप्परवर आली. अशा वेळी दिव्याकडे बघायचं नाही, रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी धरायची. मागचा लाल दिवा मी स्थिरच ठेवतो. लुकलुकणारा लवकर नजरेत भरतो हे खरं, पण तो किती लांब आहे याचा मागच्याला अंदाज येत नाही, आणि पुलावर मागून डंपर असतात. खाली कर्जतकडची एक लोकल स्टेशनात शिरत होती. पूल उतरल्यावर ती सगळी माणसं मोबाइल बघत, छत्र्या सावरत रस्त्याच्या मधून येणार, म्हणून घंटी वाजवत दहाच्या वेगाने गेलो.

पावणेबाराला घरी. बॅटरी काढून पुसली, कोपऱ्यात ठेवली. झोपेत चार्जिंगला लावायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. सकाळी चहाबरोबर लावायची. सायकलवर टॉर्च मारला तर मागच्या दिव्याची वायर कॅरिअरच्या कडेला घासून सोललेली. तिथे चिकटपट्टी टिकत नाही, रबरी नळीच चढवायला हवी. उद्या अकराला काकांकडे.